लेओनबेर्गचा फोग्ट आणि केपलरची आई

1615 चा ऑगस्ट महिना. दक्षिण जर्मनीत, श्टुटगार्टपासून पश्चिमेला चार-पाच कोसांवर लेओनबेर्ग नावाचे तटबंदीचे छोटे गाव. ड्यूकच्या घराण्यातला एक राजपुत्र त्या भागात शिकारीला आला होता आणि त्याच्या लवाजम्यात त्याचा न्हावी-शल्यक उर्बान क्रॉयटलिन होता. गावचा मुख्य अधिकारी लुथेरुस आइनहोर्न आणि हा क्रॉयटलिन एकत्र दारू प्यायले. क्रॉयटलिनची बहीण उर्सुला राइनबोल्ट याच गावात काच बसवणाऱ्या कारागिराची बायको होती आणि बरीच वर्षे आजारी होती. नशेत तिचा विषय निघाला. मग जवळपास सत्तरीला आलेल्या एका बाईला तिथे बोलावून आणले गेले. क्रॉयटलिनने तलवार उपसून तिच्यावर धरली: तू चेटूक करून माझ्या बहिणीला आजारी पाडलेस, आता तुझ्याच चेटकाने तिला बरी कर.

बाई घाबरली असणार, पण तिने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. ‘करते बरी’ एवढे जरी तिच्या तोंडून निघाले असते, तरी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरला असता.

ही बाई म्हणजे काथारिना केपलर. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे ज्याने दाखवले त्या योहानेस केपलरची आई. हे प्रकरण बहुतेक वेळा केपलरच्या चरित्रातला एक दुःखद अध्याय म्हणून सांगितले जाते, आणि दोष त्या काळच्या अंधश्रद्धेवर टाकून लोक मोकळे होतात. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तलवार उपसली गेली तेव्हा जो अधिकारी तिथे हजर होता, त्याच अधिकाऱ्याकडे या प्रकाराची फिर्याद जाणार होती. दुसरीकडे जायची सोयच नव्हती. लेओनबेर्गच्या कारभाराची घडी तशी बसवलेली होती, आणि ती उलगडायला पुढे दोनशे वर्षे लागली.

आम्ट म्हणजे काय

व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूकचे राज्य ‘आम्ट’ नावाच्या तुकड्यांत विभागलेले होते. एक मुख्य गाव आणि त्याच्या भोवतीची खेडी मिळून एक आम्ट. आपल्या तालुक्याशी ते आकाराने आणि कामाने बरेच जुळते, म्हणून पुढे सोयीसाठी मी काही ठिकाणी तालुका असेच म्हणेन. लेओनबेर्ग हे गाव व्युर्टेम्बेर्गच्या काउंटांनी 1248-49 च्या सुमारास वसवले. पुढे या गावाला बराच मान मिळाला. 1457 मध्ये व्युर्टेम्बेर्गच्या लांडटागची, म्हणजे राज्यातल्या मानकऱ्यांच्या आणि नगरांच्या सभेची, पहिली बैठक याच गावात भरली.

आम्टचा प्रमुख तो फोग्ट. त्याची नेमणूक ड्यूककडून होई. ड्यूकचे हुकूम गावोगाव वाचून दाखवणे, वेठ आणि लष्करी भरतीकडे बघणे, करवसुलीवर देखरेख ठेवणे, रस्ते, जंगले, बाजार सांभाळणे ही सगळी त्याची कामे. धान्याच्या कोठारांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळा कामदार असे. आणि याच फोग्टकडे न्यायाचेही काम होते. गावच्या न्यायसभेत प्रतिष्ठित घरांतले 12 जण बसत, कायदा न शिकलेले: खानावळवाले, कारागीर, जमीनदार. या बाराजणांच्या सभेचा अध्यक्ष फोग्ट. गंभीर गुन्हा असला की ड्यूकच्या वतीने फिर्याद चालवणाराही फोग्टच. साक्षी काढायच्या त्याने, आरोपीला पकडायचे त्याने, कोठडीची किल्ली त्याच्याकडे, आणि वर श्टुटगार्टला अहवाल पाठवायचा तोही त्याच्याच शब्दांत.

वर्षातून एकदा फोग्ट खेड्यात जाऊन ‘रुगगेरिख्ट’ भरवी. सगळ्या पुरुषांनी एकत्र यायचे आणि शपथेवर सांगायचे, कोणी काय आगळीक केली आहे ते. बांध कोरला, चर्चला दांडी मारली, वजनात मारले, रात्री शिवीगाळ केली. न सांगणे हाही दोष. अशा व्यवस्थेत शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज आणि सरकारी दप्तर यांच्यातले अंतर फार थोडे राहते. आज विहिरीवर झालेली चर्चा उद्या फोग्टच्या कागदावर येऊ शकत होती.

एक गोष्ट मात्र व्युर्टेम्बेर्गची खरोखर चांगली होती. 1514 च्या ट्युबिंगेनच्या करारात ड्यूकने कबूल केले होते की रीतसर निवाड्याशिवाय कोणाच्या जिवाला किंवा शरीराला शिक्षा होणार नाही. शिवाय 1532 पासून सगळ्या साम्राज्याला सम्राट पाचव्या कार्लचा फौजदारी कायदा, ‘कारोलिना’, लागू होता. त्यात छळ करून जबानी घेण्याची मुभा होती, पण आधी पुरेशी चिन्हे पुढे यायला हवीत अशी अट होती. आणि शेवटच्या, 219 व्या कलमात म्हटले होते की न्यायाधीशाला शंका असेल तर त्याने वरच्या न्यायालयाचा किंवा विद्यापीठातल्या कायदेपंडितांचा सल्ला घ्यावा. हे कलम लक्षात ठेवा.

चांदीचा पेला

आइनहोर्न 1613 पासून 1629 पर्यंत लेओनबेर्गचा फोग्ट होता. त्याच्या कारकिर्दीत 15 बायकांवर चेटकाचे आरोप ठेवले गेले आणि त्यांतल्या 8 जणींना देहदंड झाला. एका लहान आम्टमध्ये, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली.

काथारिना जवळच्याच एल्टिंगेनची. तिचा बाप खानावळ चालवायचा आणि गावचा मुखियाही होता. नवरा हाइनरिख भाडोत्री शिपाई म्हणून लढायांवर जायचा, 1589 मध्ये जो गेला तो परतला नाही. बाईने मुले वाढवली, शेत सांभाळले, झाडपाल्याची औषधे दिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. योहानेस तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिन्झला राहत होता. तिथून त्याची पत्रे आली की ती गावातल्या शाळामास्तराकडून वाचून घ्यायची. पुढे याच मास्तराने साक्ष दिली की तिने कथलाच्या पेल्यातून दिलेले पेय पिऊन आपण पंगू झालो. खरे कारण वेगळे होते: एक चर उडी मारून ओलांडताना त्याला इजा झाली होती.

तलवारीच्या प्रसंगानंतर घरच्यांनी गप्प बसायचे नाही असे ठरवले. धाकटा मुलगा क्रिस्टोफ लेओनबेर्गातच कथलाची भांडी ओतायचा, आणि जावई गेओर्ग बिंडर हॉयमाडेन गावी पाद्री होता. 1615 मध्येच त्यांनी राइनबोल्ट कुटुंबावर बदनामीचा दावा लावला. दावा दाखल कुठे झाला? लेओनबेर्गच्या न्यायसभेपुढे. अध्यक्ष कोण? आइनहोर्न. या दाव्यात खरे पाहता त्याने साक्षीदार म्हणून उभे राहायला हवे होते. दावा वर्षभर नुसता पडून राहिला.

योहानेसला ही बातमी डिसेंबर 1615 च्या अखेरीस लिन्झमध्ये, बहिणीच्या पत्रातून कळली. त्याने 2 जानेवारी 1616 रोजी लेओनबेर्गच्या मंडळींना संतापाचे पत्र लिहिले आणि झालेल्या सगळ्या कामकाजाच्या नकला मागितल्या. सम्राटाचा शाही गणितज्ञ असलेल्या योहानेसचे हत्यार पहिल्या दिवसापासून हेच होते: कागद दाखवा.

अखेर सुनावणीसाठी 1616 च्या ऑक्टोबरातली तारीख ठरली. तिच्या आधीच्या आठवड्यात विटा वाहणाऱ्या मुलींची एक रांग भट्टीकडे चालली होती आणि वाटेत काथारिना त्यांच्या बाजूने गेली. एका मुलीने घरी जाऊन सांगितले की म्हातारीने माझ्या दंडावर मारले आणि हात बधिर झाला. मुलीला फोग्टकडे नेले. त्याने दंड पाहिला आणि ही चेटकिणीची पकड आहे असे तिथेच ठरवून टाकले. बदनामीच्या दाव्याची सुनावणी रद्द झाली. फिर्यादी बाई एका दुपारीत आरोपी झाली.

इथे काथारिनाच्या हातून मोठी चूक झाली. ती एकटीच फोग्टला भेटायला गेली आणि हा अहवाल वर पाठवू नका, मी तुम्हाला चांदीचा एक पेला देते, असे म्हणून बसली. अडाणी, भेदरलेल्या बाईने साहेबाला काहीतरी देऊन प्रकरण मिटवायला बघावे यात मला चेटूक दिसत नाही. पण आइनहोर्नने ते लगेच श्टुटगार्टला कळवले. त्याच्या अहवालात आता एक खरीखुरी, नाकारता न येणारी गोष्ट होती.

दुसरी अशीच गोष्ट कवटीची. तिने कबर खणणाऱ्याला आपल्या बापाची कवटी उकरून द्यायला सांगितले होते, चांदीत मढवून मुलासाठी पेला करायला. पूर्वीचे लोक असे पेले करत हे तिने प्रवचनात ऐकले होते. काम झाले नाही, पण बोलणे राहिले. शेजाऱ्याची गाय दगावली, मूल आजारी पडले, पूर्वी कधी तिने काही प्यायला दिले होते, सगळे आठवून आठवून पुढे आले. 1619 मध्ये राइनबोल्ट पक्षाने 49 मुद्द्यांचे आरोपपत्र दिले आणि नुकसानभरपाईपोटी 1000 गुल्डेन मागितले.

मधल्या काळात, म्हणजे 1616 च्या डिसेंबरात, मुलाने तिला लिन्झला नेले होते. पळून गेली म्हणजे दोषी असणार, असा अर्थ त्याचाही निघालाच. ती परत आली. 7 ऑगस्ट 1620 च्या रात्री हॉयमाडेनला मुलीच्या घरी, पाद्र्याच्या निवासात, माणसे आली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिला एका लाकडी पेटीत घालून बाहेर काढले. त्या वेळी तिचे वय 73 च्या आसपास होते.

कागद तालुक्याबाहेर गेले

खटला लेओनबेर्गातच चालला असता तर आधीच्या बायकांसारखाच संपला असता, असे मला वाटते. तिथून पुढे जे घडले त्यात तीन गोष्टींचा हात आहे आणि तिन्ही एकाच जातीच्या आहेत.

पहिली गोष्ट क्रिस्टोफने केली, तीही फारशा उदात्त हेतूने नव्हे. आईवरचा खटला आपल्या राहत्या गावात चालू नये, धंद्याला बट्टा लागेल, म्हणून त्याने जागा बदलून मागितली. ड्यूकच्या कचेरीने ते मान्य केले आणि काथारिनाला उत्तरेकडच्या ग्युग्लिंगेन आम्टमध्ये हलवले. तिथला फोग्ट दुसरा होता. तो काही दयाळू नव्हता. म्हातारीला साखळदंड घातले, दोन पहारेकरी बसवले आणि पहाऱ्याचा, जेवणाचा, जळणाचा खर्च तिच्याच मालमत्तेवर टाकला. पहारेकरी लाकडे भारंभार जाळतात अशी तक्रार योहानेसला करावी लागली. पण या फोग्टने त्या दुपारी तिच्यासमोर दारू प्यायली नव्हती. जुने वैर त्याच्या खात्यावर नव्हते.

दुसरी गोष्ट, योहानेस स्वतः आला. सप्टेंबर 1620 मध्ये तो पोचला आणि पुढचे वर्ष त्याने या कामाला दिले. त्याने तोंडी बचावाऐवजी लेखी कामकाजाचा आग्रह धरला. लेखी म्हणजे प्रत्येक आरोपाला वेगळे उत्तर, प्रत्येक साक्षीदाराची जबानी दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहणे, कोण केव्हा काय म्हणाले याचा हिशेब. चेटकाच्या खटल्यात असे सहसा कोणी करत नसे, कारण आरोपीकडे ना पैसा असे ना माणूस. ग्युग्लिंगेनच्या लेखनिकाने एके ठिकाणी नोंदवले आहे की आरोपी दुर्दैवाने आपल्या चिरंजीवांच्या, गणितज्ञ योहानेस केपलर यांच्या साहाय्याने हजर झाली. ‘दुर्दैवाने’ हा शब्द सरकारी नोंदीत आहे. कचेरीला बचाव कसा वाटत होता ते त्या एका शब्दात कळते.

बचावाचे अंतिम निवेदन 128 पानांचे झाले. ट्युबिंगेनचा कायद्याचा प्राध्यापक आणि केपलरचा जुना मित्र क्रिस्टोफ बेझोल्ड याची त्यात मदत होती. चेटूक नसतेच, असा युक्तिवाद त्यात नाही. तसे म्हणणे त्या काळी धोक्याचे होते आणि केपलरचा तसा दावाही नव्हता. त्याने एवढेच दाखवले की इथे सांगितलेल्या प्रत्येक दुखण्याला साधे नैसर्गिक कारण आहे. उर्सुलाचा आजार चेटकाने झालेला नाही, तिने घेतलेल्या जालीम औषधांनी झाला आहे. मुलीचा हात ओझ्याने बधिर झाला, म्हणून तर तो काही दिवसांत बरा झाला. काथारिना रडत नाही, हेही तिच्याविरुद्ध चिन्ह धरले गेले होते. तिचे त्यावर म्हणणे असे की आयुष्यात इतकी रडले की आता आसवे उरली नाहीत.

तिसरी गोष्ट ते 219 वे कलम. खटल्याचे सगळे दप्तर ट्युबिंगेन विद्यापीठाच्या कायदा विद्याशाखेकडे गेले. तिथल्या पंडितांनी ना उर्सुलाला पाहिले होते, ना काथारिनाला. गावातल्या कोणाशी त्यांचे देणेघेणे नव्हते. त्यांच्यापुढे फक्त कागद होते. त्यांनी ठरवले की छळ करण्याइतका पुरावा नाही, पण सरळ सोडून देण्याइतकी संशयातून सुटकाही नाही. म्हणून तिला छळाची हत्यारे दाखवावीत, भीती घालावी, प्रत्यक्ष हात लावू नये.

28 सप्टेंबर 1621 ची सकाळ. जल्लादाने एकेक अवजार समोर धरले आणि ते काय करते हे सांगितले. काथारिनाचे उत्तर नोंदले गेले आहे. माझे काय करायचे ते करा, अंगातली एकेक शीर उपटून काढली तरी माझ्याकडे कबूल करण्यासारखे काही नाही. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने प्रभूची प्रार्थना म्हटली. कायद्याच्या हिशेबात भीतीच्या परीक्षेतून ती पार पडली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, 14 महिन्यांच्या कैदेनंतर, ती सुटली. लेओनबेर्गला परतणे शक्य नव्हते, तिथे लोक तिच्या जिवावर उठले होते. 13 एप्रिल 1622 रोजी ती वारली. आइनहोर्न पुढे आणखी सात वर्षे त्याच खुर्चीवर होता.

तिला वाचवणाऱ्या या तिन्ही गोष्टींत प्रकरण लेओनबेर्गच्या फोग्टच्या हातून बाहेर निघाले, एवढेच घडले. ज्या बायकांचा मुलगा शाही गणितज्ञ नव्हता, त्यांचे कागद बाहेर जाऊनही त्यांत फक्त फोग्टची बाजू असायची. वरच्या पंडितांना जे पाठवले जाई तेच दिसे. म्हणून विद्यापीठाचा सल्ला हे पुरेसे संरक्षण होते असे मी म्हणणार नाही.

फोग्टची खुर्ची दुभंगली

पुढचे शतक-दीड शतक मूळ घडी तशीच राहिली, फक्त नावे बदलली. 1758-59 च्या सुमारास आम्टचे ‘ओबरआम्ट’ झाले आणि फोग्टचा ‘ओबरआम्टमान’. 1803 मध्ये नेपोलियनच्या काळातल्या उलथापालथीत वाइल डेर श्टाट हे स्वतंत्र शाही नगर, म्हणजे योहानेस केपलरचे जन्मगाव, व्युर्टेम्बेर्गला मिळाले आणि नंतर लेओनबेर्गच्या ओबरआम्टमध्ये घातले गेले. 1571 मध्ये केपलर जन्मला तेव्हा त्या गावावर लेओनबेर्गच्या फोग्टची सत्ता चालत नव्हती. त्याचे आईबाप पुढे लेओनबेर्गला राहायला आले नसते तर आइनहोर्नचा हात तिच्यापर्यंत पोचलाही नसता. तालुक्याची हद्द माणसाच्या नशिबात इतकी उतरते.

खरा बदल राजा पहिल्या विल्हेल्मच्या काळात आला. 1818 च्या अखेरीस निघालेल्या राजाज्ञांनी ओबरआम्टच्या पातळीवर कारभार आणि न्याय वेगळे केले. ओबरआम्टमानकडे प्रशासन राहिले, किरकोळ दंड करायचा अधिकारही राहिला. दिवाणी-फौजदारी काम मात्र ‘ओबरआम्ट्सगेरिख्ट’ या वेगळ्या न्यायालयाकडे, कायदा शिकलेल्या न्यायाधीशाकडे गेले. पुढच्याच वर्षी, 1819 मध्ये, राज्याला संविधान मिळाले. आपल्याकडे मुंबई राज्याने असा स्वतंत्र कायदा 1951 मध्ये केला, तोवर मामलेदाराकडे महसुलाबरोबर फौजदारीचेही अधिकार असत. इतक्या उशिरापर्यंत ही घडी जगात अनेक ठिकाणी टिकली, कारण राज्य चालवणाऱ्याला ती स्वस्त आणि सोयीची पडते.

1 ऑक्टोबर 1879 पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात एकसारखी न्यायव्यवस्था आली आणि लेओनबेर्गचे न्यायालय ‘आम्ट्सगेरिख्ट’ झाले. प्रशासनाच्या बाजूला ओबरआम्टचे 1934 मध्ये ‘क्राइस’ झाले. 1938 च्या फेररचनेत लेओनबेर्गचा जिल्हा टिकला आणि त्याच वर्षी काथारिनाचे माहेर एल्टिंगेन लेओनबेर्ग गावात विलीन झाले. या वर्षांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यायालय वेगळे होते, न्यायाधीश कायदा शिकलेला होता, तरीही 1944 च्या वसंतापासून 1945 च्या एप्रिलपर्यंत याच गावात एंगेलबेर्गच्या बोगद्यात छळछावणीतल्या कैद्यांना विमानांचे पंख बनवायला राबवले गेले आणि त्यांतले शेकडो मेले. त्यांचे कागद कोणत्याही न्यायालयापुढे आले नाहीत. खुर्च्या वेगळ्या असूनही त्या काळात त्यांचा काही उपयोग झाला नाही.

जिल्हा म्हणून लेओनबेर्ग 1 जानेवारी 1973 रोजी संपला. बाडेन-व्युर्टेम्बेर्गने त्या दिवशी 63 जिल्ह्यांचे 35 केले. लेओनबेर्गचा मोठा भाग ब्योब्लिंगेनकडे गेला, काही गावे लुडविग्सबुर्गकडे आणि पश्चिमेकडची काही एन्त्सक्राइसकडे. गाड्यांच्या पाटीवरची ‘एल-ई-ओ’ ही तीन अक्षरे बंद झाली. सुमारे चाळीस वर्षांनी ती पुन्हा मिळू लागली आणि लोकांनी ती आवर्जून घेतली.

आम्ट्सगेरिख्ट मात्र बुडाले नाही. लेओनबेर्ग, रेनिंगेन, रुटेसहाइम, वाइल डेर श्टाट, वाइसाख या गावांचे दावे आजही त्याच्यापुढे चालतात. त्याचा पत्ता श्लोसहोफ, म्हणजे ड्यूक क्रिस्टोफने 1560 च्या दशकात बांधलेल्या गढीचे अंगण. खाली उतारावर वास्तुकार शिकहार्टने 1609 मध्ये आखलेली बाग आहे. काथारिना त्या वर्षी याच गावात राहत होती, आणि आइनहोर्न फोग्ट म्हणून यायला अजून चार वर्षे होती.